जॅबरजे आई, कुरडया आणि अकरा स्क्रीनशॉट

प्रिय मावशी,

मी नाशिकची. मुलगी पंधरा वर्षांची, नववी झाली, जूनपासून दहावी. सुट्टी लागली तसं तिचं वाचन सुरू झालं, सगळी इंग्लिश पुस्तकं आणि सगळी एकाच टाइपची, कुठलंतरी भयंकर सरकार, जिकडेतिकडे कॅमेरे, आणि त्याच्याशी लढणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं. वाचतेय ना, मग काही का असेना, म्हणून मी बोलले नाही. पण त्याआधी फेब्रुवारीत ती एकदम गप्प-गप्प झाली होती, फोन उलटा ठेवायची, मी खोलीत गेले की स्क्रीन बंद. एक दिवस ती अंघोळीला गेल्यावर मी तिचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडून टाकलं. मग रोज रात्री वाचायचे. चुकतंय हे कळत होतं पण सुटेना. काळजीचं काही दिसलं की स्क्रीनशॉट, असे अकरा जमले. एकदा "मी मरते आता" असं वाचून हातपाय गळाले, तिच्या क्लासच्या सरांना फोन केला, तर ते बीजगणिताच्या टेस्टबद्दल होतं.

मागच्या रविवारी चॅटमध्ये आलं, "चार वाजता कॉलेज रोड, तो पण येणारे, घरी कळू देऊ नको." मी बाजारात जाते सांगून निघाले आणि तासभर उन्हात उभी राहिले. कोणी आलं नाही. घरी आले तर ही गच्चीवर आजीबरोबर कुरडया उलटत बसलेली, मला बघून म्हणाली, "काय जॅबरजे, मिळाली का बातमी?" आणि सासूबाई हसल्या! म्हणजे त्यांनाही माहीत होतं. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये माझा लॅपटॉप तिला तीन आठवड्यांपूर्वीच दिसला होता. तेव्हापासून ती आणि तिची मैत्रीण मी वाचावं म्हणूनच लिहीत होत्या.

नवरा म्हणतो पुस्तकं बंद, यांनीच डोकं फिरवलंय, आणि दहावी होईपर्यंत फोन पण बंद. मी रागावले तर ती म्हणाली, "सरकार करतं तेच तू करतेस, फक्त तुझ्याकडे ऑर्डर पण नव्हती." मला उत्तर सुचलं नाही. पुस्तकं बंद करू का? आणि मी खरंच इतकं वाईट वागले का?

कॉलेज रोडवर उभी राहिलेली आई

---

अगं बाई,

तुझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी असेन म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आणि आधी हसून घेतलं तेही कबूल करते. मे महिन्यातल्या उन्हात कॉलेज रोडला तू उभी, आणि इकडे गच्चीवर आजी-नात कुरडया उलटतायत, मला तर तुझ्या सासूबाईंना भेटायचंय.

पण ती तुला जॅबरजे का म्हणाली हे तू कुणाला विचारलंस का? मला वाटतं नाही विचारलंस, नुसता चिमटा समजून सोडून दिलंस. तर ऐक. 'द हंगर गेम्स' नावाचं पुस्तक आहे, २००८ चं, सुझान कॉलिन्सचं. त्यात पॅनेम नावाचा देश, मधे श्रीमंत राजधानी कॅपिटल आणि भोवती पिळून काढलेले जिल्हे. जिल्ह्यांनी बंड केलं तेव्हा कॅपिटलने प्रयोगशाळेत एक पक्षी तयार केला, जॅबरजे. सगळे नर. माणसांचं अख्खं बोलणं ऐकायचं, पाठ करायचं आणि उडत परत येऊन जसंच्या तसं बोलून दाखवायचं. बंडखोरांना आधी कळेना की आपल्या खाजगी गोष्टी बाहेर जातात कशा, आणि कळल्यावर त्यांनी पक्षी मारले नाहीत, त्यांच्यासमोर धडधडीत खोटं बोलायला लागले. पक्षी बिचारे ते खोटं घेऊन इमानदारीत कॅपिटलला पोचवायचे. शेवटी कॅपिटलने कंटाळून त्यांना जंगलात मरायला सोडून दिलं, ते मेले नाहीत, त्यांनी मॉकिंगबर्डच्या माद्यांशी जोड्या जमवल्या आणि त्यातून पुढे बंडाचं चिन्ह झालेला पक्षी जन्मला, पण तो वेगळा विषय.

म्हणजे तुझ्या लेकीने नुसती शिवी दिलेली नाही, पुस्तकातला डाव जसाच्या तसा घरात खेळून दाखवला. पंधराव्या वर्षी एवढं बारीक वाचणारी पोरं मी तरी फार पाहिली नाहीत. तुझ्या जागी मी असते तर आधी चिडले असते, मग गुपचूप शेजारणीला कौतुकाने सांगितलं असतं.

आणि त्या पक्ष्यांच्या गोष्टीत तुझं खरं नुकसान काय झालं ते पण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तू जे वाचलंस ते निदान खरं होतं. तिला कळल्यापासून तू जे वाचलंस ते तुझ्यासाठी लिहिलेलं होतं. चोरून ऐकणाऱ्याला ऐकायला काय मिळतं, तर चोरून ऐकणाऱ्यासाठी बोललेलं.

मला हे फार जवळून माहितीये. १९८६ साली मी पुण्याला होस्टेलला होते, कुठलं ते सोड. आमच्या रेक्टर बाई आलेली आणि जाणारी सगळी अंतर्देशीय पत्रं उघडून वाचायच्या, मुलींच्या भल्यासाठी. आम्ही काय करायचो, तर पत्रात ठोकून द्यायचो की इथलं जेवण अगदी घरच्यासारखं आहे, बाई आईसारख्या आहेत. बाई खूश. गंमत वाटायची आम्हाला. पण ते पत्र शेवटी जायचं कुणाला? माझ्या आईला. आणि आईला ते सगळं खरं वाटलं. दोन वर्षं तिने एकदाही लाडवाचा डबा पाठवला नाही, पोरीचं छान चाललंय म्हणून, आणि मी इकडे पाण्यासारखी आमटी पिऊन सहा किलो उतरले. दिवाळीला घरी गेले तर आई दारातच रडायला लागली. फसवलं बाईंना, उपाशी राहिले मी. त्यामुळे तुझ्या लेकीलाही सांग की हा डाव दुधारी आहे, खोटी बातमी पेरता पेरता ज्याला खरी कळायला हवी त्यालाही ती कळत नाही.

आता नवऱ्याचा मुद्दा, पुस्तकं बंद करा. नको. एक तर बंद केल्याने बंद होत नाहीत. त्याच टाइपचं अजून एक पुस्तक आहे, कोरी डॉक्टरोव्हचं 'लिटल ब्रदर', तेही २००८ चंच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोलामध्ये २०१४ साली एका हायस्कूलने सुट्टीत सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं असा उपक्रम ठेवला होता, त्यासाठी हे निवडलं, आणि मुख्याध्यापकांनी ऐनवेळी उपक्रमच रद्द केला. सत्तेला प्रश्न विचारायला शिकवतं म्हणे. झालं काय, लेखकाने आणि प्रकाशकाने मिळून त्या शाळेतल्या मुलांसाठी दोनशे प्रती फुकट पाठवून दिल्या. म्हणजे सुट्टीचा अभ्यास म्हणून जे पोरांनी जांभया देत वाचलं असतं ते आता मना केलेलं पुस्तक म्हणून वाचलं असणार. तुझ्या नवऱ्याला हे सांग.

पण 'लिटल ब्रदर' मी तुला वेगळ्या कारणासाठी वाचायला सांगणारे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बॉम्बस्फोट होतो, पूल उडतो, आणि मार्कस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी असतो म्हणून सरकारी सुरक्षा खातं त्यांना उचलतं. फोनचा पासवर्ड दे म्हणतात, तो देत नाही, मग काय काय होतं ते तू वाच. बाहेर येतो तर शहरभर पाळत, कोण कुठून कुठे गेलं, नेहमीपेक्षा वेगळ्या रस्त्याने का गेलं, सगळं नोंदलं जातंय. त्याच्या शाळेत तर स्फोटाच्या आधीपासूनच चालण्याच्या ढबीवरून माणूस ओळखणारे कॅमेरे असतात, तर हा बुटात खडे घालून चालतो! आणि या सगळ्यात त्याचा बाप कोणाच्या बाजूने असतो? सरकारच्या. बाप दुष्ट नाहीये गं, पोरगा घरी आला नाही त्या दिवसांत तो मरणाचा घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला कॅमेरा दिसला की बरं वाटतं. मी ते जेवणाच्या टेबलावरचे प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी आधी बापाच्या बाजूने झाले, आई आहे ना मी पण. तुलाही तसंच होईल बघ.

त्या पुस्तकात एक हिशोब आहे, तो तुझ्या स्क्रीनशॉटना लागू पडतो म्हणून माझ्या आकड्यांत सांगते. समज एका शहरात दहा लाख माणसं आहेत आणि त्यात खरे घातकी दहा. सरकारने असं मशीन आणलं की ते शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर ओळखतं. ऐकायला भारी वाटतं. पण शंभरात एक चूक म्हणजे उरलेल्या सज्जनांपैकी जवळजवळ दहा हजार लोकांवर ते बोट ठेवणार. दहा घातकी सापडायला दहा हजार निरपराधांच्या दारावर थाप. दुर्मिळ गोष्ट शोधायला निघालं की असंच होतं, मशीन कितीही चांगलं असो. आणि तुझं मशीन तर नव्याण्णव टक्के पण नव्हतं, ते रात्री साडेअकराला दमलेलं, घाबरलेलं, जेमतेम निम्मी शॉर्टफॉर्म कळणारं मशीन होतं. "मी मरते आता" हे आपल्याकडे पोरी दिवसातून चार वेळा म्हणतात, हसून मरते, लाजून मरते, बीजगणिताने तर सगळेच मरतो. त्यावरून फोन गेला क्लासच्या सरांना, आता त्या पोरीकडे क्लासमध्ये सगळे कसे बघत असतील?

(एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते, कंसात आहे म्हणून सोडू नकोस. असं वाक्य मनापासून लिहिलंय अशी शंका जरी आली तरी सरांना नाही, तिलाच विचारायचं, समोर बसून, सरळ शब्दांत, "तुला मरावंसं वाटतंय का." विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. आणि उत्तर हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.)

आता तिने टाकलेला बॉम्ब, सरकार करतं तेच तू करतेस. अर्धं बरोबर आहे तिचं, अर्धं चूक, आणि ते तिला तितकंच सांगितलंस तर ती ऐकेल.

बरोबर कुठे आहे ते 'द गिव्हर'मध्ये सापडतं. लोइस लोरीचं, १९९३ चं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी मेडल, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं मोठं बक्षीस, मिळालं. या सगळ्या पुस्तकांत माझं सगळ्यात लाडकं, आणि सगळ्यात भीतीदायक पण, कारण त्यात एकही राक्षस नाही. प्रत्येक घरात भिंतीवर एक स्पीकर, त्यातून सूचना येतात, तो बंद करता येत नाही. बारा वर्षांचा व्हायला आलेला जोनस खेळता खेळता एक सफरचंद घरी घेऊन जातो, का ते सांगत नाही, मजा जाईल. तर संध्याकाळी स्पीकरवरून घोषणा, अकरा वर्षांच्या मुलग्यांना आठवण करून देण्यात येते की मैदानावरच्या वस्तू घरी नेऊ नयेत. नाव नाही घेतलं! नाव घ्यायची गरजच नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं. आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "काही सदस्यांच्या असं निदर्शनास आणून देण्यात येते" हे ज्याने वाचलंय त्याला ते पुस्तक परकं वाटणार नाही.

आणि त्या घरात रोज रात्री जेवण झालं की प्रत्येकाने दिवसभरात मनात काय आलं ते सांगायचं, सकाळी उठल्यावर रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं. नियम आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, बाई, काय सुंदर घर आहे, कोणी काही लपवत नाही! माझ्या पोराने चार वर्षांत मला एक स्वप्न सांगितलं असेल तर शपथ. मग पन्नासेक पानांनी कळायला लागतं की न सांगण्याची सोयच काढून घेतलीये, त्यामुळे सांगण्याला काही किंमतच उरलेली नाही. जोनसचा बाप तर इतका गोड माणूस, तान्ह्या बाळांना सांभाळण्याचं काम करतो, आणि तो कामावर काय करतो हे जेव्हा जोनस एका रेकॉर्डिंगमध्ये बघतो ना, तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. तोच लाडिक आवाज, तेच बोबडे बोल. पुढचं सांगत नाही.

तर भल्यासाठी, प्रेमाने, काळजीने केलेली पाळत ही पाळतच असते, एवढं लेकीचं म्हणणं मान्य कर. हंगर गेम्समधला प्रेसिडेंट स्नो, त्याचे ते पांढरे गुलाब, रक्ताचा वास, असले खलनायक वाचायला मजा येते पण मला ते फार सोपे वाटतात. खरी सत्ता गुलाब लावून येत नाही, "पुढे जाण्यासाठी सहमत आहे वर टिक करा" अशी येते.

चूक कुठे आहे तिचं, तर रविवारी तिने तुला पकडलं तेव्हा तू काय केलंस? लाल झालीस, ओरडलीस, रात्री झोपली नसशील, आणि मला पत्र लिहिलंस. सरकारला पकडलं की काय होतं बघ. २०२१ मध्ये पेगाससचं प्रकरण झालं, लोकांच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घातलं असा आरोप, सुप्रीम कोर्टाने समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी मालवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं काही सिद्ध झालं नाही. पण सरकारने समितीला सहकार्य केलं नाही हे कोर्टातच सांगितलं गेलं. आम्ही वापरलं असंही नाही, वापरलं नाही असंही नाही. आईला असं गप्प बसता येतं का? तुझ्यावर ती दार आपटू शकते, तुला टोपणनाव ठेवू शकते, आजीला फितवू शकते, आणि तीन वर्षांनी ती अठराची झाली की तुझी सत्ता संपली. सरकारचं तसं नसतं, म्हणून तर त्याला जास्त प्रश्न विचारायचे.

आणि तू म्हणतेस ना उत्तर सुचलं नाही, तर उत्तर कोर्टाने देऊन ठेवलंय. २४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने म्हणाले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ही केस लढायला गेले होते के. एस. पुट्टस्वामी, हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, आधारच्या विरोधात याचिका टाकली तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. मला याची गंमत वाटते, त्या पुस्तकांत सरकारला नडणारी सगळी सोळा-सतराची आणि आपल्याकडे आजोबा! १९७५ च्या डिसेंबरात आणीबाणी चालू असताना कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करा म्हणणाऱ्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण तिथे हजर असताना म्हणाल्या, आणि पुढे अटकही झाली त्यांना. लेकीला हे सांग, तिला आवडेल, आणि आजी तिच्या कटात का होती तेही कळेल.

त्या २०१७ च्या निकालात सरकारने खाजगीपणात शिरायचं असेल तर काय काय लागेल ते आहे. त्यासाठी कायदा हवा, खरोखरची गरज हवी, आणि गरजेपेक्षा जास्त शिरायचं नाही. घरच्या भाषेत सांगायचं तर आधी सांगितलेला नियम होता का, कारण होतं का, आणि जेवढं कारण तेवढंच केलंस का. तुझं बघू. नियम नव्हता, अंघोळीला गेल्यावर क्यूआर स्कॅन केलास. कारण होतं, पोर गप्प झाली होती, ते मी मानते. तिसऱ्यात तर तू साफ नापास, एका गप्प मुलीची काळजी आणि त्यासाठी महिनोन् महिने सगळ्या मैत्रिणींचे सगळे मेसेज! त्या मैत्रिणींच्या आयांना तू विचारलं होतंस का? त्यांचंही खाजगी वाचलंस तू.

मग इतकं वाईट वागलीस का? वाईट वागलीस, वाईट बाई नाहीस. सरळ माफी माग, "पण तू पण" न जोडता. आणि अजून एक कर. मुंबई हायकोर्टात २०१९ मध्ये एक केस झाली, एका व्यावसायिकाचे फोन सीबीआयने टॅप केले होते, लाच दिल्याचा आरोप होता. कोर्टाने म्हटलं सार्वजनिक सुरक्षितता वगैरे काही धोक्यात नव्हतं, टॅपिंगचे आदेश बेकायदा, आणि टॅप केलेलं सगळं नष्ट करा. तर तू ते अकरा स्क्रीनशॉट तिच्यासमोर बसून डिलीट कर. एकेक उघडायचा नाही, वाचायचा नाही, यातला हा काय होता विचारायचं नाही. लॅपटॉप लॉगआउट तिच्या हाताने करू दे.

फोन बंद करू नका, दहावीत तर अजिबात नको, क्लासचं सगळं त्यावरच येतं आणि नवऱ्याला तीन दिवसांत तो परत द्यावा लागेल, मग काय इज्जत राहील. त्यापेक्षा नियम ठरवा, तिला धरून. लोकेशन हवंय? ठीक आहे, पण मग तुमचंही लोकेशन तिला दिसलं पाहिजे, बाबांचं पण, आणि कधी बंद होणार ती तारीख आत्ताच लिहा. "बाजारात जाते" सांगून कॉलेज रोडला गेलेली बाई तिला मॅपवर दिसली असती तर? बघणं दोन्हीकडून असलं की आपण आपोआप कमी बघायला लागतो, माझा अनुभव आहे. चॅट वाचायचे नाहीत. अनोळखी मोठा माणूस फोटो मागतोय, कुणी पैशासाठी किंवा फोटोवरून धमकावतंय, असलं काही असेल तर ती स्वतः फोन तुझ्या हातात देईल आणि तू त्या क्षणी ओरडणार नाहीस, हा करार. न ओरडण्याचा भाग अवघड आहे, आत्तापासून प्रॅक्टिस कर.

तिच्यासाठी एक निरोप. एम. टी. अँडरसनचं 'फीड', २००२ चं, ते पुढचं वाच म्हणावं. भाषा शिवराळ आहे, तू वाचून दचकशील, पण वाचू दे. त्यात सरकारपेक्षा कंपन्याच मालक, डोक्यातच इंटरनेट बसवलेलं, आणि व्हायोलेट नावाची मुलगी मुद्दाम काहीच्या काही वस्तू बघत फिरते म्हणजे कंपनीला तिची आवडनिवड कळू नये. अगदी तुझ्या लेकीसारखी, खोटी बातमी पेरणारी! पण तिचं डोक्यातलं यंत्र बिघडतं तेव्हा कंपनी म्हणते, तू काय विकत घेणार याचा आम्हाला अंदाज येत नाही, तुझ्या दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. तिला म्हणावं, आईने तीन महिने चॅट वाचले म्हणून चिडलीस, बरोबर चिडलीस, आता ज्या ॲपवर रोज दोन तास रील बघतेस ते काय काय वाचतं ते पण बघ एकदा. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांचा माग काढू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत असं कंपन्यांना बजावलंय, आणि त्याच कायद्यात सरकारला मात्र बऱ्याच सवलती ठेवल्यात. दोन्ही कलमं तिला वाचायला दे, ९ आणि १७, फार मोठी नाहीत. तुझ्याशी वाद घालायला मुद्दे मिळतील तिला, आणि वाद घालतेय म्हणजे बोलतेय.

आता जे मला पत्र तिसऱ्यांदा वाचताना टोचलं ते. फेब्रुवारीत ती गप्प का झाली होती? तू लिहिलंच नाहीस. मला वाटतं तुला अजून माहीतच नाही. एवढे महिने रोज रात्री तिचं सगळं वाचलंस, अकरा पुरावे जमवले, सरांना फोन झाला, उन्हात उभी राहिलीस, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सुरू केलं होतंस तीच राहून गेली. विचार तिला. लगेच नको, माफीच्या दिवशी तर नकोच, नाहीतर तिला वाटेल माफी हे पण आमिष होतं. चार-आठ दिवस जाऊ देत, सासूबाईंनी अजून एक घाणा घातला की गच्चीवर जा, कुरडया उलटायला बस, हात कामात असले की पोरी बोलतात. आणि नाही बोलली तर नाही बोलली, तिचं आहे ते.

'लिटल ब्रदर' लेखकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, रीतसर, त्यामुळे नवऱ्याला पैशाचं कारण देता येणार नाही. त्यालाही वाचायला लाव, बापाचे प्रसंग त्याच्यासाठीच आहेत.

आणि हो, स्क्रीनशॉट डिलीट केल्यावर रिसायकल बिनमधूनही काढ. ती तिथे बघणारच आहे.

तुझी मावशी